स्क्रीनवरची स्लाइड कशी पाहायची?

प्रश्न : मॅडम, मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पॅथॉलॉजीची व्हिडिओ लेक्चर्स रोज ऐकते, नोट्सही काढते. पण प्रॅक्टिकलला रंगवलेल्या ऊतीची स्लाइड समोर आली की सगळं गुलाबी-जांभळंच दिसतं. मायक्रोस्कोप कमी, पाळी येईपर्यंत तास संपतो. इंटरनेटवर फुकट काय वापरू?
– एक वाचक, मराठवाडा

उत्तर : लेक्चर्स कमी कर आणि तो वेळ स्लाइड्सना दे. व्हिडिओत बाण दाखवायला कुणीतरी असतं, परीक्षेत नसतं.

सुरुवातीला युटा विद्यापीठाचं 'वेबपॅथ' उघड. ग्रॉस (नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या अवयवांची) आणि मायक्रोस्कोपीची चित्रं अवयवानुसार लावलेली आहेत, खाली मोजकी माहिती आहे. पण चित्रातला भाग दुसऱ्यानं निवडून दिलेला असतो. म्हणून लगेच लीड्स विद्यापीठाच्या व्हर्च्युअल पॅथॉलॉजीच्या संग्रहाकडे वळ. तिथे अख्खी स्लाइड स्कॅन केलेली असते. कुठे थांबायचं, कुठे झूम करायचं हे तुझं तू ठरवायचं.

क्षयाची (टीबीची) लिम्फ नोड, म्हणजे लसिकाग्रंथी, घे. निदान वाचण्याआधी लो पॉवरवर पूर्ण फिरव. मध्ये गुलाबी, दाणेदार, पेशींच्या खुणाच न उरलेला भाग दिसेल, ते केसिएशन. त्याच्या कडेला फिकट, लांबट केंद्रकांच्या, एकमेकींत मिसळलेल्या एपिथेलिऑइड पेशी. अशा पेशींचा पुंजका म्हणजे ग्रॅन्युलोमा. आता झूम करून लँगहॅन्स जायंट सेल, म्हणजे अनेक केंद्रकांची मोठी पेशी, शोध. तिची केंद्रकं घोड्याच्या नालासारखी कडेला लागलेली असतात. बाहेरून लिम्फोसाइट्स, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. जायंट सेल दिसली की टीबी म्हणून मोकळं व्हायचं, ही घाई मी व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) फार पाहिली. फॉरेन बॉडी रिॲक्शनमध्येही (शरीरात शिरलेल्या बाहेरच्या वस्तूवरच्या प्रतिक्रियेतही) जायंट सेल असते, फक्त तिची केंद्रकं विस्कटलेली असतात. सार्कॉइड या आजारामध्ये ग्रॅन्युलोमा असतो, पण सहसा केसिएशन नसतं. हे फरक डोळ्यांनी एकदा पाहिलेस की पाठ करावे लागणार नाहीत.

पाहून झालं की स्क्रीन बंद कर आणि जर्नलमध्ये गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी आठवून काढ. जिथे हात अडेल तेवढाच भाग पुन्हा उघडून बघ.

'पॅथॉलॉजी आउटलाइन्स' हे संकेतस्थळ उत्तम आहे, फुकटही आहे, पण ते मुख्यतः पीजी (पदव्युत्तर विद्यार्थी) आणि रिपोर्टिंग करणाऱ्यांच्या कामाचं. एखादा मुद्दा अडला तरच तिथे जा.

स्मीअर ओढणं (काचेवर रक्ताचा पातळ थर पसरणं), लीशमन स्टेननं तो रंगवणं, ऑइल इमर्शनखाली (तेलाचा थेंब लावून वापरायच्या भिंगाखाली) फाइन ॲडजस्टमेंटचा स्क्रू फिरवत पेशी नेमकी धरणं हे मात्र स्क्रीनवर येणार नाही. स्कॅन केलेल्या स्लाइडला बहुधा एकच फोकस असतो. तेव्हा लॅबमध्ये पाळी आली की ती मिनिटं हाताच्या कामाला दे. आणि विभागातल्या पीजींना टीचिंग स्लाइड्सचा बॉक्स मागायला संकोचू नकोस. दुपारचं रिपोर्टिंग आटोपल्यावर गेलीस तर बरेचदा शेजारी बसवून दाखवतात.