भिगवणचे पट्टकादंब उन्हाळ्यात जातात कुठे?

प्रश्न : थंडीभर भिगवणला दिसणारे पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंसासारखे पक्षी) मार्चनंतर गायब होतात. ते एव्हरेस्टवरून उडत जातात, हे खरं का? – एक वाचक, इंदापूर

उत्तर : गायब कसले, घरी जातात! तिबेट, मंगोलिया, आपलं लडाख. एव्हरेस्टची गोष्ट मलाही आवडते, पण पाठीवर यंत्रं बसवून घेतलेल्या नोंदींत बहुतेक उड्डाण 6,000 मीटरच्या आतलंच निघालं. सर्वांत उंच नोंद सुमारे 7,290 मीटर. डोंगर आला की वर, दरी आली की पुन्हा खाली, असा त्यांचा प्रवास. वर विरळ हवेत पंख मारणं फार महाग पडतं ना! शिवाय ते बरंचसं अंतर रात्री नि पहाटे कापतात, कारण थंड हवा दाट असते. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनही सखल भागातल्या इतर कादंबांपेक्षा चिवटपणे ऑक्सिजन पकडतं.

लडाखात सुमारे 4,500 मीटरवरच्या त्सो मोरीरी सरोवरातल्या बेटांवर ते घरटी करतात. मला तिथे काळजी वाटली ती उंचीची नाही, काठच्या कोरझोक गावातल्या भटक्या कुत्र्यांची. अंडी, पिल्लं, काही सोडत नाहीत. पर्यटकांच्या उष्ट्यावर ती पोसली जातात, तेव्हा जाल तर उरलेली मॅगी परत गाडीत घाला.