व्हिडिओ गेममधील स्त्री पात्रांच्या तोकड्या कपड्यांवर आक्षेप घेणे हा अतिरेक नाही का?

पुरुष पात्रेही पिळदार देहाची आणि उघड्या छातीची असतात, मग ओरड केवळ स्त्री पात्रांबद्दलच का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या वादात कपड्यांना नको इतके महत्त्व मिळाले आहे. गेम खेळणाऱ्याला कोठे उभे करतो आणि तेथून त्याला काय पाहायला लावतो, हा खरा प्रश्न आहे.

‘टूम रेडर’ या गेमची नायिका लारा क्रॉफ्ट हिचे उदाहरण मला सर्वांत जवळचे आहे, कारण मामेभावाच्या संगणकावर मी खेळलेला पहिला मोठा गेम हाच होता. इंग्लंडमधील डर्बी येथील कोअर डिझाईन या कंपनीने तो १९९६ मध्ये आणला. नायक आधी पुरुष असणार होता. टोबी गार्ड या तरुण चित्रकाराने त्याच्या जागी स्त्री आणली. लारा एकटी गुहांमध्ये उतरते, उड्यांचे अंतर जोखते, डायनोसॉरशी लढते आणि कोणा पुरुषाने येऊन सोडवावे म्हणून वाट पाहत बसत नाही. त्या काळी बहुतेक गेममध्ये स्त्री ही शेवटच्या टप्प्यावर सोडवून आणायची राजकन्या असे, त्यामुळे हा बदल लहान नव्हता.

पण तिचा देह ज्या प्रमाणात घडवला होता त्याचे गुहेत उतरण्याशी काही नाते नव्हते, आणि जाहिरातींनी तर गुहा बाजूलाच ठेवली. लाराच्या वेशात मॉडेल उभ्या केल्या गेल्या आणि ज्यांनी गेम कधी हाती धरला नाही त्यांनाही तिची छाती ठाऊक झाली. आपल्या पात्राचे असे विकले जाणे गार्डला रुचले नाही आणि पहिल्या यशानंतर लगेचच, १९९७ मध्ये, त्याने कंपनी सोडली. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस लारा अंघोळीला निघालेली दिसते, मग एकाएकी आपल्याकडे वळून ‘अजून पाहून पोट भरले नाही का’ अशा अर्थाचे विचारते आणि थेट पडद्यावर गोळी झाडते. हा विनोद मला तेव्हा फार आवडला होता. आज वाटते, खेळणारा काय पाहत आहे हे बनवणाऱ्यांना पुरेपूर माहीत होते; त्याला चिमटा काढून त्यांनी तेच पुन्हा विकले. आम्ही पोरेही काही निरागस नव्हतो. लाराची पाठ भिंतीला टेकवली की कॅमेरा फिरून समोर येतो, हा शोध आम्ही गेमचे पहिले कुलूप उघडण्याआधीच लावला होता.

आता पुरुषांच्या उघड्या छातीविषयी. तो पिळदार नायक बहुतांशी पुरुष खेळाडूला ‘मी असा असतो तर’ असे वाटावे म्हणून घडवलेला असतो. त्याला न्याहाळण्यासाठी कॅमेरा क्वचितच थबकतो. उलट १९८६ मधील ‘मेट्रॉइड’ पाहा. चिलखतातील योद्धा सॅमस ही स्त्री आहे हे शेवटी उघड होते, आणि गेम जितक्या कमी वेळात संपवाल तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी होतात. म्हणजे उत्तम खेळणाऱ्याला बक्षीस मिळते ते तिच्या देहाचे दर्शन. पुरुष नायकाच्या बाबतीत अशी बक्षीस-योजना मला तरी आठवत नाही.

कथेत सबब असली की प्रश्न मिटतो, असेही काही जण म्हणतात. २०१५ च्या ‘मेटल गिअर सॉलिड ५’ मध्ये क्वायट ही नेमबाज जवळजवळ बिकिनीतच वावरते. कारण कळल्यावर टीकाकारांना आपल्या शब्दांची लाज वाटेल, असे दिग्दर्शक हिदेओ कोजिमा यांनी आधीच जाहीर केले होते. कारण असे निघाले की, ती त्वचेतून श्वास घेते. ठीक आहे, परंतु त्याच मालिकेच्या २००४ मधील भागात वनस्पतीप्रमाणे सूर्यप्रकाशावर जगणारा एक म्हातारा नेमबाज आहे आणि तो नखशिखान्त कपड्यांत आहे. शिवाय पावसात नाचताना क्वायटच्या अंगावरून कॅमेरा ज्या रीतीने फिरतो, त्याचे उत्तर श्वसनसंस्थेत सापडत नाही.

कपडे वाढवल्यानेही आपोआप काही साधत नाही. २०१३ मध्ये नव्याने घडवलेली लारा साध्या, पूर्ण लांबीच्या पँटमध्ये आली, प्रमाणबद्ध झाली, पण गेम येण्याआधी त्याच्या एका निर्मात्याने मुलाखतीत सांगितले की खेळाडूला तिचे रक्षण करावेसे वाटेल, आणि त्यावर बराच गदारोळ झाला. ज्या पात्राच्या रूपाने आपण स्वतः खेळतो, त्याचेच रक्षण करायचे म्हणजे खेळणाऱ्याला पुन्हा बाहेर, प्रेक्षकाच्या खुर्चीत बसवणे. ‘बायोनेटा’ (२००९) या गेमच्या त्याच नावाच्या नायिकेबद्दल मात्र माझे मत अजून पक्के नाही. तिचे रूप एका स्त्री चित्रकाराने रेखाटले, तिचा नखरा उघडउघड अतिशयोक्त आहे आणि ती कोणाच्या ताब्यातली वाटत नाही. तरी कॅमेरा जाऊन जाऊन कोठे जातो ते दिसतेच.

अतिरेकाचे म्हणाल, तर तो दुसऱ्या बाजूने अधिक झालेला आहे. माध्यमांच्या समीक्षक अनिता सार्कीझियन यांनी २०१२ मध्ये याच विषयावर चित्रफिती करण्यासाठी लोकवर्गणी मागितली, तेव्हा त्यांना बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या. २०१४ मध्ये अमेरिकेतील युटा येथील एका विद्यापीठात त्यांचे व्याख्यान ठरले असता सामूहिक गोळीबाराची धमकी आली आणि त्यांना ते रद्द करावे लागले. पात्रे केवळ चित्रे आहेत, असे आपण म्हणालात. मग चित्रांवरील टीकेसाठी जिवंत बाईच्या जिवावर उठण्याचे कारण काय?

वेगळे काही पाहायचे असेल तर पुण्यात तयार झालेला ‘राजी’ (२०२०) खेळून पाहा. सर्कशीत वाढलेली मुलगी हरवलेल्या भावाला शोधत असुरांशी लढते. कॅमेरा बहुतेक वेळ इतक्या दूर आणि उंचावर असतो की राजी पडद्यावर अंगठ्याएवढी दिसते. हे कदाचित तिचा आब राखण्यासाठी नसून भोवतालचे महाल आणि मंदिरे नजरेत मावावीत म्हणून केलेले असेल. पण खेळताना आपले लक्ष राहते ते पुढची उडी कोठे मारायची यावर.