वाचकांचे प्रश्न : एड्सचे सुरुवातीचे संशोधन आणि जन्मजात प्रतिकारदोष

प्रश्न : एड्सचा विषाणू १९८३ साली सापडला, परंतु हा आजार प्रतिकारशक्तीचा आहे आणि तो रक्तातून पसरतो, असे डॉक्टर त्याआधीच सांगू लागले होते, असे माझ्या वाचनात आले. रोगाचा जंतूच ठाऊक नसताना त्यांनी हे कशाच्या आधारावर सांगितले?
– एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : पहिला आधार मिळाला तो रुग्णांना झालेल्या न्यूमोनियाच्या प्रकारातून. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात ५ जून १९८१ रोजी डॉ. मायकेल गॉटलीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांना न्यूमोसिस्टिस या सूक्ष्म जीवामुळे न्यूमोनिया झाल्याची नोंद त्यात होती आणि ते छापून येईपर्यंत पाचांपैकी दोघे दगावले होते. हा जीव धडधाकट माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील अनाथालयांमधील कुपोषित तान्ह्या बाळांना, पुढे रक्ताच्या कर्करोगावर औषधे घेणाऱ्या मुलांना आणि जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या अर्भकांना त्याने गाठल्याचे डॉक्टरांना माहीत होते. त्यामुळे आधी ठणठणीत असलेल्या तिशीच्या आसपासच्या पुरुषांमध्ये तो दिसल्यावर त्यांची प्रतिकारशक्तीच ढासळली असली पाहिजे, हा निष्कर्ष लगेच काढता आला. या न्यूमोनियावरील पेंटामिडीन हे औषध त्या काळी अमेरिकेत केवळ रोगनियंत्रण केंद्राकडून मिळत असे. तेथे मागण्यांचे काम पाहणाऱ्या सँड्रा फोर्ड यांना या मागण्या अकारण वाढल्याचे जाणवले आणि त्यांनी ते वरिष्ठांना लेखी कळवले. संशोधनाच्या इतिहासात अशा नोंदी ठेवणाऱ्यांची नावे क्वचितच येतात, म्हणून ते येथे मुद्दाम देत आहे.

प्रतिकारशक्तीतील नेमके काय बिघडले, हे कळण्यासही काळ अनुकूल होता. कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये एकाच जातीच्या अँटिबॉडी (विशिष्ट लक्ष्य ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने) प्रयोगशाळेत तयार करण्याची पद्धत शोधली होती आणि तिच्या साहाय्याने रक्तातील टी-पेशींचे, म्हणजे प्रतिकाराचे काम करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचे, प्रकार वेगळे करून मोजणे नुकतेच शक्य झाले होते. या रुग्णांमध्ये इतर पेशींना कामाला लावणाऱ्या ‘मदतनीस’ टी-पेशी जवळजवळ नाहीशा झालेल्या आढळल्या. आज आपल्याकडील एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रांत ज्याला ‘सीडी-फोर काउंट’ म्हणतात, तो याच पेशींचा.

आजार रक्तातून पसरतो याचा पुरावा हिमोफिलियाच्या, म्हणजे रक्त न गोठण्याच्या आजाराच्या, रुग्णांनी दिला. जुलै १९८२ मध्ये अशा तीन रुग्णांना हाच न्यूमोनिया झाल्याचे प्रसिद्ध झाले. हे रुग्ण रक्त गोठण्यासाठी ‘फॅक्टर आठ’ हा घटक टोचून घेत आणि तो हजारो दात्यांचे रक्तद्रव एकत्र करून बनवलेला असे. तयार करताना तो इतक्या बारीक गाळणीतून जाई की जिवाणू मागेच राहावेत; तेव्हा त्यातूनही पार होणारी गोष्ट बहुधा विषाणूच असणार, असा तर्क पुढे आला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतील एका बालकाची हकिकत आली. त्याला ज्यांचे रक्त दिले गेले होते, त्यांपैकी एका दात्याला पुढे एड्स झाला होता.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील काम या पायावर उभे राहिले. जानेवारी १९८३ मध्ये तेथे एका रुग्णाच्या सुजलेल्या लसिकाग्रंथीचा तुकडा आला. रुग्ण मुद्दामच आजाराच्या आरंभीच्या अवस्थेतला निवडला होता, कारण शेवटच्या अवस्थेत तपासायला टी-पेशीच उरत नाहीत. ल्यूक मोंतान्ये यांच्या विभागातील फ्रान्स्वाज बारे-सिनुसी यांनी त्या पेशी वाढवत ठेवल्या आणि रिट्रोव्हायरसची (आपला आरएनए डीएनएत उतरवून पेशीत शिरकाव टिकवणाऱ्या विषाणूंची) खूण असलेले रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर त्यात सापडते का, हे दर काही दिवसांनी तपासले. विकराचे प्रमाण वाढले आणि मग उतरू लागले, कारण पेशीच मरत होत्या. त्यांनी एका रक्तदात्याच्या निरोगी पेशी त्यात घातल्या, तेव्हा ते पुन्हा वाढले. विषाणू एका माणसाच्या पेशींतून दुसऱ्याच्या पेशींत गेल्याचे त्या प्रयोगात दिसले. हे संशोधन मे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी अमेरिकेतील रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने विषाणू आणि एड्स यांचा संबंध भक्कम केला आणि मार्च १९८५ मध्ये तेथे रक्ततपासणीला परवानगी मिळाली.

मात्र रक्तपेढ्यांपुढे पुरावा १९८२ अखेरच ठेवला गेला होता, आणि जानेवारी १९८३ मध्ये अटलांटा येथे झालेल्या बैठकीत अनेक रक्तपेढ्यांच्या प्रतिनिधींनी तो अपुरा ठरवला. हा समलिंगी पुरुषांचा आजार आहे, असा शिक्का आरंभीच बसल्याने समाज आणि शासन दोघेही स्वस्थ राहिले, आणि त्याची किंमत हिमोफिलियाच्या हजारो रुग्णांनीही मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : भारतात या संशोधनाची सुरुवात कोणी केली?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : चेन्नईत, १९८६ मध्ये. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली शिकणाऱ्या सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांची तपासणी केली. त्यांतील सहा नमुन्यांत संसर्ग आढळला आणि हा रोग आपल्याकडे येणारच नाही, हा समज तेथेच संपला. पुण्यात भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ मध्ये सुरू झाली. पैसे घेऊन रक्त देण्यावर मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १९९८ पासून बंदी आली.

प्रश्न : माझ्या मुलीच्या दोन वर्षांच्या मुलाला वारंवार न्यूमोनिया होतो, कान फुटतात. डॉक्टरांनी ‘इम्युनोडेफिशियन्सी’ असल्याचे सांगितल्यापासून सासरची काही माणसे त्याला एड्स झाल्याचे बोलत आहेत आणि मुलीकडे संशयाने पाहत आहेत. हे आजार एकच आहेत का?
– एक आजी, जळगाव

उत्तर : आजी, हे आजार एक नव्हेत. ‘इम्युनोडेफिशियन्सी’ म्हणजे प्रतिकारशक्तीची कमतरता. एड्समध्ये चांगली असलेली प्रतिकारशक्ती विषाणू नष्ट करतो. आपल्या नातवासारख्या मुलांमध्ये तिचा एखादा भाग जन्मापासूनच घडलेला नसतो. तो संसर्गाने येत नाही आणि कोणाला लागतही नाही.

अशा दोषाचे पहिले नेमके वर्णन एड्सच्या कितीतरी आधी, १९५२ मध्ये, ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी केले. आठ वर्षांच्या एका मुलाला पुन्हापुन्हा गंभीर संसर्ग होत होता. त्याच्या रक्तातील प्रथिने विजेच्या साहाय्याने वेगळी करून पाहिली, तेव्हा गॅमा ग्लोब्युलिनचा, म्हणजे अँटिबॉडी ज्यात असतात त्या प्रथिनांचा, मागमूस दिसला नाही. ब्रूटन यांनी ती इंजेक्शनने देण्यास सुरुवात केली आणि त्याचे आजारपण थांबले. तोच उपचार सुधारित स्वरूपात आजही केला जातो. हा विशिष्ट दोष मुलग्यांमध्ये दिसतो. त्याचा जनुक बहुधा आईकडून आलेला असतो, पण तो तिच्या वागण्याशी जोडणे अज्ञान तर आहेच, शिवाय तिच्यावर अन्यायही आहे.

नातवाला नेमका कोणता दोष आहे, हे तपासणीअंती ठरेल. एचआयव्हीची शंका पुरती मिटवायची असेल, तर नेहमीच्या अँटिबॉडी चाचणीवर विसंबू नये, कारण ज्याच्या शरीरात अँटिबॉडीच बनत नाहीत त्याच्यात ती फसवी ठरते. त्याऐवजी विषाणूचाच शोध घेणारी पीसीआर चाचणी करावी. निदान होईपर्यंत पोलिओच्या थेंबांसारखी जिवंत जंतूंची लस बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि घरात दुसरे बाळ असल्यास त्याच्या लसीबद्दलही विचारावे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत अशा मुलांच्या तपासण्या होतात. डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन आणि आजवरचे सगळे रिपोर्ट सोबत ठेवून तेथे जावे. मुलीच्या सासरचे कोणी बरोबर आल्यास डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच निदान समजावून सांगावे, अशी विनंती करावी.