आधी सॉल्व्हंट पाहा

प्रिय मुली,

तुझे क्रोमॅटोग्राम, म्हणजे औषधातले घटक कॉलममध्ये वेगळे करून डिटेक्टरने काढलेले आलेख, नीट पाहिले. 210 नॅनोमीटरच्या यूव्ही प्रकाशात इम्प्युरिटीचा, म्हणजे औषधातल्या अशुद्धीचा, पीक (आलेखातला उंचवटा) नॉइजच्या थरथरीत बुडालाय. एलओक्यूला, म्हणजे खात्रीने मोजता येईल अशा सर्वांत कमी प्रमाणाला, सिग्नल नॉइजच्या दहापट हवा, तो काही मिळत नाही. तू लॅम्प बदललास, फ्लो सेल धुतलास, इंजेक्शन व्हॉल्यूम वाढवलास आणि आता नवा डिटेक्टर मागायचा म्हणतेस. मोबाइल फेजमध्ये, म्हणजे नमुना कॉलममधून वाहून नेणाऱ्या द्रवात, अॅसिटोनायट्राइल काढून मेथॅनॉल आलं, हे मात्र शेवटच्या ओळीत, जाता जाता. अगं, आधी सॉल्व्हंट पाहायचा.

मेथॅनॉलचा यूव्ही कटऑफ 205 नॅनोमीटर. म्हणजे तिथे एक सेंटिमीटरच्या सेलमध्ये निव्वळ मेथॅनॉलच 1 एयू (शोषणाचं एकक) इतका प्रकाश शोषून घेतं, दहातला एकच भाग प्रकाश पलीकडे पोचतो. 210ला थोडं बरं, स्वच्छ नव्हेच. ऑटो झीरो दाबून आकडा शून्यावर येतो, पण गिळलेला प्रकाश परत येत नाही. उरलेल्या अंधुक उजेडात डिटेक्टरने तुझा चिमुकला पीक कसा शोधायचा? ग्रेडियंटमध्ये, म्हणजे मेथॅनॉलचं प्रमाण वाढवत नेताना, बेसलाइन वर चढते तीही त्याचीच करणी. अॅसिटोनायट्राइलचा कटऑफ 190 आहे.

व्हॉल्यूम वाढवून पीक उंच झाला नाही, फुगला. तुझा डायल्युअंट (नमुना विरघळवायचा द्रव) निव्वळ मेथॅनॉल आणि सुरुवातीचा मोबाइल फेज बहुतेक पाणी. लवकर येणारा पीक मग कॉलमच्या तोंडाशीच पसरतो. इथेही तेच, सॉल्व्हंट.

आणि एकदा पाहिला म्हणजे कायमचा पाहिला असं नसतं. 210ला फॉस्फेट बफर उत्तम, कारण तो जवळपास काही शोषत नाही. हीच मेथड मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या डिटेक्टरवर, नेलीस तर तो उडून जात नाही, सोर्समध्ये (जिथे नमुन्याचे आयन बनतात) साचतो. तिथे फॉर्मिक अॅसिड लागतं, जे 210ला तुला नको आहे. डिटेक्टर बदलला की सॉल्व्हंटचा विचार पहिल्यापासून.

स्वस्त पडतं म्हणून बदललं, असं तुझे वरिष्ठ म्हणतील. 2008च्या अखेरीस जगभर अॅसिटोनायट्राइलचा तुटवडा पडला होता. ते अॅक्रिलोनायट्राइल बनवताना जोडउत्पादन म्हणून निघतं. तिकडचं उत्पादन घटलं की इकडे बाटल्या मिळेनाशा होतात. सगळ्या मेथड मेथॅनॉलवर न्या, असा धोशा सुरू झाला. 254ला चालणाऱ्या मी खुशाल नेल्या. 210च्या आसपासच्या एकीलाही हात लावू दिला नाही. हट्टी ठरलो, बढती लांबली, चांगली माणसं दुरावली. त्याची खंत आजही आहे. पण बाटलीमागे पैसे वाचवायचे आणि जी इम्प्युरिटी पकडायची तीच दिसेनाशी करायची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आताही पटत नाही. ती गोळी कुणीतरी आजारी माणूस घेणार असतो.

अॅसिटोनायट्राइल परत आणलंस की पीकचा क्रम बदलू शकतो, तेव्हा प्रत्येक इम्प्युरिटी वेगळी इंजेक्ट करून ओळख पटव. डायल्युअंटमध्ये पाणी वाढव, विरघळत असेल तेवढं. मग दोन्ही सॉल्व्हंटचे ब्लँक (नमुन्याशिवायचे आलेख) एकाच स्केलवर काढून मला पाठव. डिटेक्टरचा अर्ज तोवर टेबलावरच राहू दे.