हवा भरता, मग बसत का नाही?

प्रश्न: माझं वय 62. दारव्ह्यापासून आत एका खेड्यात राहतो आम्ही. यजमान जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा-सून दिवसभर वावरात. मी झाडझूड करते, भाकरी टाकते, म्हशीचं पाहते, संध्याकाळी टीव्हीवर मालिका. कालचा दिवस कोणता अन् आजचा कोणता, ओळखू येत नाही. दिवाळीनंतर शेगावला जायचं ठरलं होतं. मुलगा म्हणाला, कापूस वेचायला आला, आता नाही. सुनेनंही त्याचीच री ओढली. नातीला शाळेतून सायकल मिळाली, तर तिच्यात हवा भरायचं कामही माझ्याच मागं. लहानपणी भावाच्या सायकलीवर कैची मारत होती मी, आता पंप मारते. या वयात आनंद शोधावा तरी कुठं?

उत्तर: ताई, मुलाला मी चार शब्द सुनवावेत अशी तुमची इच्छा दिसते. सुनवणार नाही. बोंड फुटलं की वेचावंच लागतं. अवकाळीनं भिजला तर कापूस काळवंडतो आणि भाव पडतो. राहिलं शेगाव. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. शेजारणीला सोबत घ्या आणि जाऊन या. तो विषय संपला.

मला धरायचं आहे ते कैचीचं वाक्य. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत आणि पुढं निघून गेलात. कैची मारता येत होती म्हणजे तोल तुम्हाला ठाऊक आहे, आणि तोल अंग विसरत नाही. दारात सायकल उभी आहे, तीही मधला दांडा नसलेली. तुम्ही तिच्यात हवा भरता आणि पाठ फिरवून म्हशीकडे जाता! राग येतो वाचून.

येत्या रविवारी तिच्यावर बसा. दुसरा सल्ला माझ्याकडे नाही.

एक मात्र आधी. चक्कर येत असेल, बीपीची गोळी नुकतीच बदलली असेल, खुब्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा हाडं ठिसूळ आहेत असं कुणी सांगितलं असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. पडणं वीस वर्षांच्या पोरीला परवडतं, आपल्याला नाही.

आता कैचीची गोम. कैचीत तुम्ही सीटवर कधी बसलाच नाहीत. दांड्याखालून पाय घालून, पायडलवर उभं राहून, सायकल एकीकडे आणि अंग दुसरीकडे झुकवत चालवायची, आणि थांबायचं म्हणजे उडी मारायची. बसून चालवताना सायकल सरळ राहते आणि अंगही. सवयीनं तुम्ही पहिल्याच फेरीत एका बाजूला कलाल, आणि घाबरलात की उडी मारायला बघाल. पडाल ते इथंच. म्हणून नवं शिकायचं ते दोनच गोष्टी: निघणं आणि थांबणं.

सीटखालचा नट ढिला करून सीट इतकी खाली घ्या की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. नट पुन्हा गच्च आवळा. अर्धवट आवळला तर सीट बसल्या बसल्या गरकन फिरते. जमलं तर सायकलवाल्याकडून दोन्ही पायडल काढून घ्या, म्हणजे नडगीवर आपटत नाहीत. घरी काढायचे असतील तर ध्यानात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवला की सुटतो. जोर लावून भलतीकडे फिरवला की आटे गेले.

शाळेचं मैदान रविवारी रिकामं असतं. तिथं आधी सायकल हातानं ढकलत एकेक ब्रेक दाबून बघा, कोणता पुढच्या चाकाचा आणि कोणता मागच्या. घाबरून फक्त पुढचा करकचून दाबला की माणूस हँडलवरून पुढं जातो. मग बसा आणि पायांनी जमीन मागं लोटत चला, वीस-पंचवीस मिनिटं. पाय उचलून दहा पावलं सायकल आपोआप जायला लागली की पायडल बसवा. उजवा पायडल पुढं आणि थोडा वर आणा, त्यावर पाय दाबा, निघालात. नजर चाकाकडे नको, पंधरा फुटांवर ठेवा. खड्ड्याकडे बघणारा खड्ड्यातच जातो. थांबताना दोन्ही ब्रेक हळू दाबायचे आणि चाक थांबल्यावर डावा पाय टेकायचा. उडी नाही. हे एवढंच वीसदा करा. वेगाची घाई नको.

नऊवारी असेल तर उत्तमच. पाचवारी असेल तर निऱ्या खोचून घ्या, पदर कमरेला घट्ट बांधा. मोकळा पदर मागच्या चाकात जातो आणि माणसाला मागं ओढून पाडतो. चपलेला मागून पट्टा हवा.

आणि हवा. नातीच्या वजनाला पुरते तेवढी तुम्हाला पुरणार नाही. मागचं टायर अंगठ्यानं जोरात दाबल्यावर जेमतेम दबलं पाहिजे. हवा कमी राहिली तर दगडावर रिम आदळते आणि ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडतात. रात्रीतून हवा उतरत असेल तर व्हॉल्वच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडे आले तर आतली रबरी नळी कुजली आहे. ती बदलली की झालं, पंक्चर नाही ते. बाभळीचा काटा वाटेत रुतला आणि हवा टिकून असेल, तर उपटू नका. तोच भोक बुजवून धरतो. घरी येऊन काढा.

दोन-तीन रविवारांत मैदान पुरे होईल. मग गावाबाहेर. डांबरी रस्त्यावर नको, या दिवसांत कापसानं फुगलेल्या ट्रॉल्या अर्धा रस्ता अडवून जातात. पांदणीनं जा, पण पाऊस पडून गेला असेल तर अजिबात नाही: काळी माती मडगार्डात अशी भरते की चाक जागचं हलत नाही. फाट्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे घरून ठरवून निघायचं नाही. तिथं पोचल्यावर ठरवा. वीस मिनिटं जिकडे न्याल तिकडे जा आणि माघारी वळा. तीनेक किलोमीटर होतात, आणि येताना समोरून वारा असला तरी दम टिकतो. किती वाजेपर्यंत येते, एवढं मात्र नातीला सांगून निघा. पौषात धुऱ्यावरच्या बोरी लदलेल्या असतात, हरभरा घाट्यावर असतो (मागून घ्या, उपटू नका), फाल्गुनात पळस पेटतो. शेजारच्या गावात कुणाच्या ओट्यावर पाणी प्यायला थांबलात की तासाभराच्या गप्पा मिळतात. मार्च लागला की आठच्या आत घरी. मे महिन्यात सायकल गोठ्यात.

लोक हसतील. आठवडाभर हसतील, मग कुणाची तरी म्हैस हरवेल आणि तुम्हाला विसरतील.

मुलाची, सुनेची परवानगी काढत बसू नका. परवानगी नातीची घ्या, सायकल तिची आहे. आणि पंक्चरचे पैसे तुम्ही द्यायचे.