पावसाळा संपला, एटीव्ही सुरू होईना

कोकणातल्या किनाऱ्यांवरच्या आणि पाचगणी-लोणावळ्याच्या पर्यटन केंद्रांवरच्या एटीव्ही (जाड टायरच्या चारचाकी ऑफ-रोड गाड्या) जूनमध्ये ताडपत्रीखाली जातात आणि दिवाळीच्या तोंडावर बाहेर निघतात. या वेळचे प्रश्न अशाच गाड्यांचे आहेत: ११० ते १२५ सीसी, एक आडवा सिलिंडर, चार स्ट्रोक, कार्बोरेटर. उत्तरं याच इंजिनांना धरून दिली आहेत.

प्रश्न : बॅटरी चार्ज केली, हेडलाइट लागतो, पण बटण दाबलं की काहीच होत नाही. सेल्फची मोटर गेली का? (कृषी पर्यटन केंद्रचालक, दापोली)

मोटरवर संशय घेण्याआधी ब्रेक लिव्हर घट्ट दाबून बटण दाबा. ऑटोमॅटिक गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फला करंट जात नाही. गिअरच्या गाडीत न्यूट्रल लागतो. ब्रेक दाबल्याचं कळवणारा छोटा स्विच लिव्हरच्या बुडाशी असतो, तो दमट हवेत लवकर गंजतो. ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का पाहा. नसेल लागत, तर स्विच काढून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

स्विच ठीक असेल तर बॅटरीजवळच्या रिलेकडे (बटण दाबल्यावर मोटरला करंट जोडणारा भाग) कान द्या. ‘टक’ आवाज येतो पण मोटर फिरत नाही, याचा अर्थ बटणाची वायरिंग बरोबर आहे. दोष बहुधा बॅटरीत, जाड वायरींच्या नटांत किंवा इंजिनाच्या अर्थमध्ये आहे. मल्टीमीटर बॅटरीवर लावून बटण दाबा. विश्रांतीत १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी बटण दाबताच ९.५ च्या खाली कोसळली, तर हेडलाइट कितीही छान लागो, ती बॅटरी बाद. व्होल्टेज टिकलं तर नट सोडून टर्मिनल आणि अर्थचा जोड सँडपेपरने घासा. ‘टक’सुद्धा नसेल तर फ्यूज पाहा, मग रिलेच्या दोन बारीक वायरींवर बटण दाबून १२ व्होल्ट येतात का ते मोजा. येत असतील तर रिले बदला.

५ अँपिअर-तासाची बॅटरी अर्ध्या अँपिअरने रात्रभर चार्ज करावी. कारच्या बॅटरीवरून जंप द्यायची असेल तर कारचं इंजिन बंद ठेवा.

प्रश्न : सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही. नवा प्लग टाकला, मेकॅनिकने सीडीआयही (स्पार्क देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) बदलला. आता काय बदलायचं? (वाचक, काशीद)

आता काही बदलू नका. आधी स्पार्क आहे की नाही, ते नक्की करा. प्लग काढून कॅपमध्ये बसवा, त्याची धातूची बाजू हेडला टेकवा आणि सेल्फ मारा. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते, म्हणून भोकावर कापड दाबा आणि प्लग तिथून लांब धरा. प्लग अर्थ केल्याशिवाय सेल्फ मारू नका, त्याने कॉइल आणि सीडीआयवर ताण येतो. ठिणगी निळसर, कडक हवी. प्लगची गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा. नवा प्लगही फिलर गेजने तपासूनच बसवावा.

स्पार्क नसेल तर या गाड्यांत पहिला संशय बंद करणाऱ्या स्विचांवर घ्यावा. एटीव्हीवर असे स्विच बरेच असतात: हँडलवरचा लाल स्विच, चावी, मागे दोरी लावलेला ओढ-स्विच आणि लहान मुलांच्या गाड्यांत रिमोटची पेटी. एसी प्रकारच्या सीडीआयमध्ये हे सगळे मिळून एकच काम करतात: एक वायर, बहुतेकदा काळी-पांढरी, अर्थला टेकवतात आणि स्पार्क मरतो. यातल्या एकाही स्विचमध्ये पाणी गेलं की गाडी कायमची ‘बंद’ राहते. सीडीआयच्या कनेक्टरमधून ती वायर सोडवून पुन्हा स्पार्क पाहा. आला, तर सीडीआय निर्दोष. मग वायर परत जोडून एकेक स्विच, नंतर रिमोटची पेटी, अनप्लग करत जा. जो निघाल्यावर स्पार्क आला तोच गुन्हेगार. ही वायर तोडून गाडी भाड्याने देणं अजिबात नको. पोरगं घाबरून थ्रॉटल दाबून बसलं, तर गाडी थांबवायला ती दोरीच हाताशी असते.

वायर सोडवूनही स्पार्क नसेल तर मीटर ओहमवर घ्या. पिकअप कॉइल (स्पार्कची वेळ कळवणारी) साधारण १०० ते २०० ओहम, मॅग्नेटोची (इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाची) एक्सायटर कॉइल ३०० ते ५०० ओहम दाखवते. अनंत किंवा शून्य आलं तर ती गेली. प्लग कॅप पिळून काढा. आत वायरचं टोक हिरवं पडलेलं असेल तर अर्धा सेंटिमीटर कापून कॅप परत पिळा.

नव्या सीडीआयबद्दल एक गोष्ट तपासा. एसी आणि डीसी सीडीआय दिसायला सारखे असतात, एकमेकांच्या जागी बसतातही, पण चालत नाहीत. डीसी सीडीआयला चावी चालू केल्यावर बॅटरीचे १२ व्होल्ट लागतात, एसीला मॅग्नेटोच्या कॉइलमधून करंट मिळतो. जुना सीडीआय फेकला नसेल तर तो लावून वरची तपासणी पुन्हा करा.

प्रश्न : चोक देऊन सुरू होते, चोक काढला की बंद पडते. एअर फिल्टर स्वच्छ आहे. (वाचक, पाचगणी)

कार्बोरेटरमधला पायलट जेट (मंद चालीला पेट्रोल देणारं बारीक भोक) बुजला आहे. २०२५ मध्ये देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि महिनोन्महिने फ्लोट बाऊलमध्ये (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) पडून राहिलं की पाणी, चिकटा आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी मागे उरते. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं, म्हणून आधी तेच बंद होतं.

बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करा. काहीच आलं नाही तर कॉक, फिल्टर किंवा फ्लोटची सुई अडकली आहे. कार्बोरेटर उतरवून जेट काढा, कार्ब क्लीनर मारा, आणि भोक इलेक्ट्रिकच्या वायरमधल्या एका तांब्याच्या तारेने मोकळं करा. स्टीलची सुई घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं. रबरी ओ-रिंग क्लीनरपासून लांब ठेवा. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून दीड फेरा उघडा.

जोडल्यावरही तेच झालं तर कार्बोरेटर आणि हेडमधल्या पाइपाच्या गॅस्केटमधून हवा शिरते आहे का, ते पाहा. पुढच्या मे महिन्यात कॉक बंद करून बाऊल रिकामा केलात तर हे काम टळेल.

प्रश्न : सकाळी एका बटणावर सुरू होते, तासभर चालवून बंद केली की पुन्हा सुरू होत नाही. (वाचक, लोणावळा)

टॅपेट (वॉल्व्ह दाबणाऱ्या आर्मचे स्क्रू) टाइट झाले असावेत. वॉल्व्ह सीट झिजत गेली की टॅपेट आणि वॉल्व्हमधली गॅप कमी होते आणि इंजिन तापल्यावर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं. रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, फ्लायव्हीलची ‘टी’ खूण (पिस्टन सर्वात वर असल्याची) जुळवून, दोन्ही टॅपेट सैल असलेल्या स्थितीत गॅप ०.०५ मिमी करा. यानेही फरक पडला नाही तर गरम इंजिनाचा स्पार्क तपासा, कारण पिकअप कॉइल तापल्यावर दगा देते.

प्रश्न : पर्यटकाने गाडी लाटेत घातली. आता सेल्फ ‘घट्’ करून अडतो. (वाचक, दिवेआगर)

बटण सोडा. सिलिंडरमध्ये पाणी आहे. पाणी दाबलं जात नाही, जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, एअर फिल्टरची पेटी आणि कार्बोरेटर रिकामे करा, मग प्लग अर्थला टेकवूनच सेल्फ मारून पाणी बाहेर काढा. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाका. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच काढून नवं भरा, डिपस्टिकच्या खुणेपर्यंत. पाच-दहा मिनिटं चालवून तेही बदला. गढूळपणा राहिला तर तिसऱ्यांदा. खारं पाणी थांबत नाही, म्हणून हे त्याच दिवशी करा, आणि गोड्या पाण्याने ब्रेक, बेअरिंग, कनेक्टर धुऊन वाळवा.