उंदराचं यकृत आणि ह्यांचा रिपोर्ट

प्रश्न : ताई, माझ्या भाच्याने एम.फार्म.ला भुईआवळीच्या अर्कावर प्रबंध केला. अर्क दिलेल्या उंदरांचं यकृत विषापासून वाचलं म्हणे. ह्यांचा एस.जी.पी.टी., म्हणजे यकृताच्या इजेचा रक्तातला आकडा, ११० आलाय, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. परसात भुईआवळी माजली आहे. रोज रस दिला तर चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : भाच्याचं कौतुक आहेच. पहाटे उठून उंदरांच्या पोटात नळीने औषध घालणं सोपं नसतं. माझ्या बोटांवर दातांचे व्रण अजून आहेत. पण रस सुरू करू नका.

हा प्रयोग असा चालतो : काही उंदरांना नुसतं विष, काहींना आठवडाभर अर्क देऊन मग विष, काहींना तुलनेसाठी सिलिमरिन हे यकृतासाठी वापरलं जाणारं औषध. विष बहुधा कार्बन टेट्राक्लोराइड, तेलात कालवलेलं. त्याचा गोडसर वास आमच्या प्रयोगशाळेच्या पडद्यांनाही लागला होता. दुसऱ्या दिवशी रक्त काढून एस.जी.पी.टी. बघायचा आणि यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. नुसत्या विषाच्या गटात मधल्या शिरेभोवतीच्या पेशी मेलेल्या आणि चरबीचे थेंब साचलेले दिसतात.

आता मेख. हे द्रव्य यकृतात शिरल्यावर तिथलंच एक एन्झाइम त्याचं खरं घातक रूप तयार करतं. अर्काने त्या एन्झाइमलाच थंड केलं, तर विष तयारच होत नाही. उंदीर वाचतो, पण यकृत बळकट झालं म्हणून नव्हे. म्हणून मी विद्यार्थ्यांना एक गट असा ठेवायला लावायची, ज्याला अर्क विष दिल्यानंतर मिळेल. तिथे कितीतरी देखण्या आलेखांची हवा गेली. एक मुलगी तर माझ्याशी महिनाभर बोलली नाही!

तुमच्या यजमानांच्या पोटात टेट्राक्लोराइड गेलेलं नाही. चरबी आधीच साचली आहे, तीही वेगळ्या कारणांनी. शिवाय भाच्याने अल्कोहोलमधला सुकवलेला अर्क मोजून दिला असेल. तुम्ही पाट्यावर वाटलेला रस देणार. त्या वाटीत काय किती, कोण सांगणार?

भुईआवळीचा लौकिक मोठा आहे, हे खरं. १९८८ मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये छापलं, की ती घेतलेल्या हेपटायटिस बी-वाहकांपैकी ५९ टक्क्यांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली. नंतर इतरांना तसं यश मिळालं नाही. आणि तो आजारही वेगळा.

आधी हे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. साखर तपासा. घेत असतील तर दारू बंद. वजन जास्त असेल तर सात-दहा टक्के उतरवा. यकृतातली चरबी त्याने खरंच कमी होते. एखादी पुडी वा काढा आधीच चालू असेल, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि भाच्याला एवढं विचारा : अर्क विषाच्या आधी दिला होता की नंतर?